नोला ट्रस्क आणि बिनविम्याचं कलम

मागून कुणी येऊन धडकलं तर त्यात धडक खाणाऱ्याचा दोष नसतो, असं कायदा म्हणतो. पण कायदा अमेरिकेतल्या आमच्या एल्डरविल गावात राहत नाही. मी राहतो, आणि मी इथल्या हायस्कुलात एकतीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवलं आहे. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी वळवायची कशी, लावायची कशी आणि मुख्य म्हणजे थांबवायची कशी, हे मी शिकवलं. अशा माणसाला भर चौकात, सकाळी साडेदहाला, बँकेच्या दारासमोर धडक बसावी, म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या मास्तराने सगळ्या वर्गासमोर हौदात गटांगळ्या खाव्यात तसं झालं. बँकेतली सगळी माणसं काचेला नाक लावून उभी होती. त्यातल्या चौघांना मी पास केलं होतं.

झालं ते असं. आमच्या चौकात सिग्नल नाही. चारही बाजूंना थांबा म्हणून पाट्या आहेत. पुस्तकातला नियम साधा आहे: जो आधी आला तो आधी जाईल, दोघे एकदम आले तर उजवीकडचा. हा नियम मी दोनेक हजार पोरांकडून पाठ करून घेतला. पण गावाची रीत वेगळी आहे. गावाची रीत म्हणजे "आधी तुम्ही". स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. मग समोरचा बोटं उचलतो आणि म्हणतो, छे छे, तुम्ही. आमच्याकडे आधी निघून जाणाऱ्याचं नाव लोक बरीच वर्षं लक्षात ठेवतात.

त्या दिवशी मी आधी एका ट्रकवाल्याला जाऊ दिलं. मग पाद्रीबाईंना. मग गवताचे भारे घेऊन एक ट्रॅक्टर आला, त्याला. मग मात्र मी ब्रेकवरचा पाय उचलला आणि तीन फूट पुढे गेलो. इतक्यात डावीकडून म्हाताऱ्या मिसेस गूडची गाडी आली. त्या नव्वदीच्या आहेत. मी थांबलो आणि दोन बोटं उचलली. मागच्या गाडीने मात्र मी निघालो यावर विश्वास ठेवला होता.

मी खाली उतरलो आणि पहिला शब्द बोललो तो "सॉरी." हीही इथली रीतच.

"तुम्ही कशाला सॉरी?" मागच्या गाडीतून उतरलेली बाई म्हणाली. "धडकले मी."

"पण थांबलो मी."

"ते खरं. एकदा निघाल्यावर कोण थांबतं हो?"

"मागच्याने अंतर ठेवायचं असतं," मी म्हणालो. मास्तरकी अंगातून जात नाही.

"ठेवलं होतं की. तुम्ही ते वापरून टाकलंत."

ही नोला ट्रस्क. साठीला टेकलेली, बुटकी, करड्या केसांची एकच वेणी, अंगावर स्वयंपाकघराचा एप्रन. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ती नाश्ता बनवते. केंटकीहून येऊन तिला दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे ती माझ्या हाताखालून गेलेली नव्हती.

"आणि आधीच सांगते," ती म्हणाली, "माझ्याकडे इन्शुरन्स नाही. मार्चमध्ये बंद पडला. एक तर इन्शुरन्स भरायचा, नाहीतर ब्रेक बदलायचे, अशी वेळ आली. मी ब्रेक बदलले."

मी माझ्या चेपलेल्या डिकीकडे पाहिलं.

"ब्रेक छान लागले," ती म्हणाली. "जुने असते तर तुम्ही आत्ता बँकेत असतात."

पोलीस म्हणून कर्टिस आला. त्याला मी गाडी लावण्याच्या परीक्षेत दोनदा नापास केलं होतं. त्याने पंचनामा फार आवडीने लिहिला. "सर, तुम्ही मधेच का थांबलात?" त्याने विचारलं. मी म्हणालो, मिसेस गूड आल्या म्हणून. त्याने कारणाच्या रकान्यात "सौजन्य" असं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. नोलाला तो हळूच म्हणाला, की इन्शुरन्स नसल्यामुळे लायसन्स तीन महिने तरी जाणार. ती फक्त "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मान वळेना. डॉक्टरांनी गळ्याला हा एवढा जाड पट्टा बांधला. पट्टा बांधलेल्या माणसाला होकार देता येत नाही की नकार देता येत नाही. होकारासाठी मला कमरेतून वाकावं लागे.

शेजारचा लॉवेल कुंपणावर रेलून माझी वाटच बघत होता. लॉवेल धान्याच्या कोठारात तोलाईला होता, आणि निवृत्त झाल्यापासून तो जगातल्या प्रत्येक विषयाची तोलाई करतो.

"तुझ्याकडे यूएम आहे ना, आर्लन?"

मी कमरेतून वाकलो. यूएम म्हणजे काय, याचा मला पत्ता नव्हता.

"मग चिंता नाही. दुसऱ्याकडे विमा नसला तर त्याच्या वाटचा आपला विमा भरतो. अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हरेज. माझ्या मेव्हण्याला त्यात नवा गुडघा मिळाला."

मी घरी आलो आणि खणातून पॉलिसी काढली. बावीस वर्षं मी ती न वाचता नव्याने घेत होतो, आणि इतकी वर्षं पोरांना सांगत होतो की सही करण्याआधी वाचा. बेचाळीस पानं होती. पहिली आठ पानं "तुम्ही" म्हणजे कोण यावर खर्ची पडली होती. "तुम्ही" म्हणजे तुम्ही, तुमच्या घरात राहणारा जोडीदार आणि घरातली इतर माणसं. मी लग्न केलेलं नाही. आई होती, ती सहा वर्षांपूर्वी गेली. म्हणजे त्या आठ पानांत एकटा मीच उरत होतो. हे कंपनीला एका ओळीत सांगता आलं असतं.

बिनविम्याचं कलम एकोणतिसाव्या पानावर होतं. ते मी तीन दुपारी वाचलं. त्याचा मथितार्थ असा: बिनविम्याचा कुणी मला धडकला, तर माझी कंपनी त्या माणसाच्या जागी उभी राहील आणि माझं नुकसान भरून देईल. इथपर्यंत सोन्याहून पिवळं. पण त्याच्या जागी उभं राहिल्यावर, त्या माणसाने माझ्याशी जी हुज्जत घातली असती ती सगळी कंपनी घालील. म्हणजे बावीस वर्षं मी हप्ते भरून माझ्याशीच भांडायला माणूस पदरी ठेवला होता.

या माणसाचं नाव मिस ऑर्टेगा. त्या कुठल्याशा लांबच्या शहरातून फोनवर बोलत. आवाज गोड, पण प्रत्येक वाक्याआधी सांगत, की हा कॉल रेकॉर्ड होतोय.

"मिस्टर क्रेब्स, तुम्ही चौकात एकूण किती वेळ थांबला होतात?"

"तीन गाड्या जाईपर्यंत. एक ट्रॅक्टर धरून."

"तुमची पाळी नव्हती?"

"होती. चारही वेळा माझीच होती."

बराच वेळ टाइप केल्याचा आवाज येत राहिला.

आमच्या गावातला एजंट ट्रेंट हा माझाच विद्यार्थी. त्याने टेबलावरची गोळ्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि कलम पुन्हा समजावलं. "सर, अगदी सोपं आहे. कंपनी तुम्हाला देणार. मग कंपनी तिच्याकडून वसूल करणार."

"कुणाकडून?"

"त्या ट्रस्कबाईंकडून. तुम्ही बाजूला. तुम्हाला त्याची झळ नाही."

खरं तर इथेच मी कान टवकारायला हवे होते. पण आदला दिवस गुरुवार होता, आणि माझं लक्ष त्या गुरुवारातच अडकलं होतं.

गुरुवार हा नोलाचा सुट्टीचा दिवस. त्या दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर टॉवेलात गुंडाळलेलं ओव्हनचं काचेचं भांडं दोन्ही हातांत धरून ती उभी. लायसन्स गेलेलं, म्हणून अकरा गल्ल्या चालत आली होती.

"मी ट्रस्क. मी तुम्हाला मागून..."

"आठवतंय."

"स्वयंपाक येतो का तुम्हाला?"

"टोस्ट येतो."

"वाटलंच," ती म्हणाली आणि माझ्या बाजूने आत गेली. भांड्यात चिकन आणि नूडल्स, वर खारी बिस्किटं चुरून भाजलेली. तिने माझा फ्रिज उघडला, आत पाहिलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला फ्रिजतर्फे माफी मागावीशी वाटली. दहा मिनिटं बसली. मग मी तिला गाडीने घरी सोडलं. मानेला पट्टा असताना गाडी चालवू नये, असं मी एकतीस वर्षं शिकवत आलो होतो.

इथे थोडं माझ्याविषयी बोलू द्या. माझी नोकरी उजवीकडच्या सीटवर झाली. पायाशी जादा ब्रेक, मांडीवर कागद, आणि डावीकडे स्टिअरिंग घट्ट पकडून बसलेलं कुणीतरी. घाबरलेलं का असेना, रोज कुणीतरी शेजारी असायचं. निवृत्त झाल्यापासून मी डावीकडे बसतो आणि उजवी सीट रिकामी असते. तिथे मी किराणा ठेवतो. एकदा सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी ओरडायला लागली, तेव्हा मी बटाट्यांना पट्टा लावला होता. तेव्हा हसू आलं होतं. पण नोला त्या सीटवर बसून गेली त्या संध्याकाळी मी गाडी गॅरेजमध्ये लावली आणि बराच वेळ उतरलोच नाही. गाडीत भाजलेल्या नूडल्सचा वास होता.

आता भांडं परत करायला हवं, आणि आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, त्यामुळे विसरलो म्हणायची सोय नसते. मी त्यात परसातले टोमॅटो भरून दिले. पुढच्या गुरुवारी त्याच भांड्यातून पावाचं पुडिंग आलं. मी दुकानातली बिस्किटं आणून घरची वाटतील अशी वेडीवाकडी मांडून दिली.

"ही दुकानातली आहेत," तिने गाडीतच सांगितलं.

"कशावरून?"

"सगळी सारखी गोल आहेत. माणसाच्या हातून एक तरी बिघडतं."

मग मी पणाला पेटलो आणि आईच्या वहीत बघून नारिंगी जेली केली, किसलेलं गाजर घातलेली. ती जमलीही. पण नोलाला सोडायला जाताना चौकात कुणीतरी आलं, मी सवयीने ब्रेक दाबून दोन बोटं उचलली, आणि सगळी जेली तिच्या मांडीवर. मी "सॉरी, सॉरी" म्हणत होतो आणि ती हसत सुटली होती. हसता हसता तिला उचकी लागली. आणि मला मान वळवून ते बघता येत नव्हतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त वेणीचं टोक हलताना दिसत होतं. आतला आरसा मागची वाहतूक बघायला असतो, हे मी दोन हजार पोरांकडून घोकून घेतलं होतं. त्या दिवशी मी हात वर केला आणि आरसा तिच्याकडे वळवला.

असे सात गुरुवार गेले. भांडं जायचं, यायचं. ऑक्टोबर लागला, तिने झाडाखाली पडलेली पर्सिमनची गोड फळं वेचून त्यांचं पुडिंग केलं. माझा क्लेम कुठेतरी पुढे सरकत होता, मिस ऑर्टेगा अधूनमधून विचारत की मान किती अंश वळते. मी खरं ते सांगत होतो. खोटं एवढंच होतं, की मला मान बरी होण्याची घाई उरली नव्हती.

एकच गोष्ट मला टोचायची. प्रत्येक वेळी उठताना नोला म्हणे, "तुमची ती चेपलेली डिकी बघितली की मला घास जात नाही." मला वाटलं, हे तिच्या मनावरचं ओझं एकदा उतरलं, की ती मोकळेपणी येईल, जास्त वेळ बसेल, कदाचित रविवारीही येईल. म्हणून आठव्या वेळी मी भांड्यात सफरचंदं भरली आणि वर चिठ्ठी ठेवली: "ट्रस्कबाई, गाडीचं आणि मानेचं विसरून जा. आपली फिटंफाट झाली. आर्लन क्रेब्स." खाली तारीखही घातली. बिनतारखेच्या कागदाला मी आयुष्यात कागद म्हटलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मी दोन कप काढून ठेवले होते. एक वाजला, दोन वाजले. मी पायरीवरची पानं झाडली. नंतर रस्त्याच्या टोकापर्यंत झाडत गेलो, म्हणजे अकरा गल्ल्यांपैकी अर्ध्या गल्लीवर तरी नजर जाईल. चार वाजता मी एक कप परत फळीवर ठेवला. मला चौसष्ट वर्षांत कुणाची इतकी आठवण आली नव्हती, आणि जिची येत होती ती अकरा गल्ल्यांवर राहत होती.

लॉवेलची बायको फिलिस कुंपणापाशी आली. तिने मला पानं झाडताना बघितलं होतं, आणि आमच्या गल्लीत तेव्हा पानं पडायला सुरुवातही झाली नव्हती.

"तू तिला काय लिहून दिलंस?"

मी सांगितलं.

"फिटंफाट? अरे बाबा, मग ती कशाला येईल?"

"मी चांगल्या मनाने लिहिलं, फिलिस."

"माहीत आहे. वाईट मनाने लिहिलं असतंस तर भांडायला तरी आली असती. भांडं कुठंय?"

"तिच्याकडे."

फिलिस चुकचुकली. "मग संपलंच की. भांडं ज्याचं त्याच्या घरी गेलं, आणि वर चिठ्ठी. तिला वाटलं, माणूस सभ्यपणे पुरे म्हणतोय."

याच सुमारास मिस ऑर्टेगांचा फोन आला. मी अभिनंदनास पात्र होतो. क्लेम मंजूर झाला होता, मानेसकट आणि डिकीसकट. फक्त एक शेवटचा प्रश्न, आणि हा कॉल रेकॉर्ड होतोय.

"समोरच्या पक्षाला तुम्ही जबाबदारीतून मोकळं केल्याचं काही लेखी दिलंय का?"

मी चर्चमध्ये दानपेटी फिरवणारा माणूस, खोटं कसं बोलणार? "एक चिठ्ठी दिलीय," मी म्हणालो.

"सही आहे?"

"आहे."

"तारीख?"

"आहे."

"ती कशी पाठवलीत? टपालाने?"

"सफरचंदांत."

त्यांचं टाइप करणं थांबलं. मग त्यांनी मला एकतिसावं पान काढायला सांगितलं. मी बिनविम्याच्या कलमाची दोनच पानं वाचली होती, कलम तिथे संपत नव्हतं. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की कंपनीला न विचारता धडकणाऱ्याला मोकळं सोडलंत, तर कंपनीला त्याच्याकडून वसुली करता येणार नाही, आणि मग कंपनी तुम्हालाही काही देणार नाही. उपाय एकच. ती चिठ्ठी परत आणायची, आणि ती सुटका नव्हती, असं दोघांच्या सहीने लिहून द्यायचं.

"आणि लिहून दिलं तर ट्रस्कबाईंचं काय?"

"आम्ही त्यांच्याकडून वसूल करू. ते पुरं होईपर्यंत लायसन्स मिळणं अवघड जाईल. तसं पत्र त्यांना गेलंच आहे, सर. ते आपोआप जातं."

ट्रेंट धावत घरी आला. "सर, ती चिठ्ठी आणा! माझी पहिली एवढी मोठी फाइल आहे!" लॉवेलचं मत अधिक सुटसुटीत होतं. "गुपचूप काढून आण. अक्षर तुझं, सही तुझी, कागद तुझा. त्यात चोरी कसली?"

मला काय वाटलं ते मी खरं सांगतो. मला आनंद झाला. पत्राचं ऐकून तिचं लायसन्स, तिची पहाटेची नोकरी, सगळं डोळ्यापुढे आलं. पण त्याच्याही खाली, लाज वाटावी असा आनंद होता. दोन आठवडे मी तिच्या दारी जायला कारण शोधत होतो आणि मला एकही सुचलं नव्हतं. आता बेचाळीस पानांची कंपनी मला तिथे पाठवत होती. कामानिमित्त. मी शर्टाला इस्त्री केली.

नोला लाँड्रीच्या मागच्या छोट्या घरात राहते. गुरुवार होता. तिने दार उघडलं, माझ्या शर्टाकडे बघितलं.

"या. कॉफी ठेवते," ती म्हणाली आणि दूध आणायला मागच्या पडवीत गेली.

चिठ्ठी फ्रिजवरच होती, कोंबडीच्या आकाराच्या चुंबकाखाली. लॉवेलचे शब्द माझ्या कानात होते. मी हात लावला मात्र, चिठ्ठी हातात आली आणि कोंबडी खाली पडून फ्रिजखाली गेली. पट्ट्यामुळे खाली बघता येईना. मी गुडघ्यांवर आलो, मग हातांवर, मग गाल फरशीला टेकवला. इस्त्रीच्या शर्टासकट मी त्या अवस्थेत असताना मला नोलाचे जोडे दिसले.

"काय शोधताय?"

"कोंबडी," मी म्हणालो.

तिने माझ्या मुठीतला कागद बघितला. हसली नाही. मला धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं.

"परत न्यायला आलात होय?"

"कंपनी म्हणते..."

"मला पण कंपनीचं पत्र आलंय. काल." ती सिंककडे तोंड करून उभी राहिली. "तुमचा हक्कच आहे तो. मी धडकले, मान तुमची गेली. मला राग त्याचा नाही. इथे येऊन दोन वर्षं झाली मला. दारात कागद येतो तो काहीतरी मागायला येतो. हा एकच आला ज्यात कुणी काही मागितलं नव्हतं. म्हणून लावला तिथे."

"मग तुम्ही गुरुवारी आला का नाहीत?"

"तुम्हीच लिहिलंत ना, फिटलं म्हणून. फिटलेल्याच्या दारात भांडं घेऊन कुठल्या तोंडाने उभी राहू? लोक म्हणतील, बाई गळेपडू आहे." ती वळली. "न्या ती चिठ्ठी. सही कुठे करायची ते सांगा, मी करते."

तिने खरंच पेन घेतलं. माझ्या खिशात मिस ऑर्टेगांचा फॉर्म होता, घडी करून. मी तो काढला नाही. एक सही झाली असती तर माझी मान, माझी डिकी, ट्रेंटची फाइल, सगळं मार्गी लागलं असतं, आणि ही बाई पहाटे अंधारात चालत कामाला जात राहिली असती, माझ्या पॉलिसीच्या कृपेने. मी चिठ्ठी फ्रिजला लावली. चुंबक नव्हतं, म्हणून तळव्याने दाबून धरली. दुसऱ्या हाताने फोन लावला.

"मिस ऑर्टेगा, माझा क्लेम बंद करा. चिठ्ठी खरी आहे. मी तिला मोकळं सोडलंय."

"मिस्टर क्रेब्स, हा कॉल रेकॉर्ड होतोय. मंजूर झालेला क्लेम तुम्ही स्वतःहून सोडताय. मला कारण नोंदवावं लागेल. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"नाही."

"मग कारण?"

नोला हातात पेन धरून उभी होती. मला मान वळवून दुसरीकडे बघायची सोय नव्हती. तिच्याकडे बघतच बोलावं लागलं.

"नोला ट्रस्क दर गुरुवारी माझ्याकडे यायच्या," मी म्हणालो. "आता येत नाहीत. त्यांनी यावं असं मला वाटतं. गाडीसाठी नाही, मानेसाठी नाही, काही फेडायला नाही. त्यांनी रिकाम्या हाती आलं तरी चालेल. त्या आल्या नाहीत की गुरुवार संपता संपत नाही. बाकीचे दिवसही संपत नाहीत. एवढंच कारण आहे."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा हळू. नोलाने पेन टेबलावर ठेवलं. मग परत उचललं. मग परत ठेवलं.

"नोंदवलंय," मिस ऑर्टेगा म्हणाल्या. "एक रकाना राहिलाय, सर. समोरच्या पक्षाशी तुमचं नातं?"

"पर्याय काय आहेत?"

"पती-पत्नी, नातेवाईक, परिचित, अनोळखी, इतर."

मी पाचही पर्याय मनातल्या मनात एकदा पुढून आणि एकदा मागून वाचले. तळहाताखाली चिठ्ठी ओली झाली होती. नोला चार पावलं चालत आली आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"ट्रस्क बोलतेय. त्या 'इतर'पुढे लिहायला जागा किती आहे हो?"

"एक ओळ, मॅडम."

"मग लिहा. गुरुवारी एकत्र जेवतात. पुढचं ठरायचंय."

मिस ऑर्टेगांनी ते लिहून घेतलं आणि रेकॉर्डसाठी सगळं शब्दशः वाचून दाखवलं. "बरोबर आहे का, मिस्टर क्रेब्स?"

नोलाने फोन माझ्या तोंडापाशी धरला. मी म्हणालो, बरोबर आहे. त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, बरोबर आहे.